पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’: इंग्रजी शब्दांच्या जोड्या कशा जमतात

कोल्हापुरात कुणी ‘नाद खुळा’ म्हटलं की मनापासून दाद दिली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आता यातला ‘खुळा’ काढून तिथे ‘वेडा’ घाला. खुळा आणि वेडा यांच्या अर्थात फारसा फरक नाही, व्याकरणही बिघडलं नाही, पण दाद कुठल्या कुठे गेली. तांबड्या रश्श्याला ‘लाल रस्सा’ म्हणालात तर वाढपी आणून देईल, पण तुम्ही बाहेरगावचे हे ओळखेल. उलट एसटीची ‘लाल परी’ कधी ‘तांबडी परी’ होत नाही, आणि पहाटे ‘तांबडं फुटतं’, लाल फुटत नाही. तांबडा आणि लाल हे रंगपेटीत शेजारी असतील. भाषेत त्यांची सोयरीक वेगवेगळ्या घरी झालेली आहे.

शब्दांच्या अशा ठरलेल्या जोड्यांना इंग्रजीत ‘कोलोकेशन’ म्हणतात. आपण इथे सरळ शब्दजोडी म्हणू. शब्दजोडी म्हणजे वाक्प्रचार नव्हे, एवढं आधीच स्पष्ट करतो, कारण शिकवणीत पहिला गोंधळ इथेच होतो. ‘पोटात कावळे ओरडतात’ तेव्हा कावळ्यांचा काही संबंध नसतो, एकूण अर्थ वेगळाच असतो. ‘मुसळधार पाऊस’ म्हणतो तेव्हा मात्र पाऊस खराच असतो. शब्दांचे अर्थ जागेवर असतात, फक्त कुणाशेजारी कोण बसणार हे ठरून गेलेलं असतं.

मराठी शाळेत आपण हे शिकलो आहोत, फक्त त्याला हे नाव नव्हतं. किल्ल्यांचा जुडगा, केळ्यांचा घड, उसाची मोळी, मेथीची जुडी, मेंढ्यांचा कळप, पक्ष्यांचा थवा, नाण्यांची चळत. ‘समूहदर्शक शब्द’ म्हणून परीक्षेला दोन-चार मार्कांसाठी घोकलेली ही यादी म्हणजे शब्दजोड्यांचीच यादी. मेथीचा जुडगा का नाही, याला कारण नाही. लोक म्हणत नाहीत, एवढंच. रंगांचंही तसंच: हिरवागार, पिवळाधमक, निळाशार, लालभडक. हिरवाधमक म्हणून बघा, जीभ अडखळते.

इंग्रजी शिकताना नेमका हाच भाग आपल्या हातून निसटतो. शब्द पाठ असतात, काळ आणि वचनं जमतात, वाक्य व्याकरणाने बरोबर येतं, आणि तरी वाचणाऱ्याला काहीतरी खटकतं. माझ्याकडे शिकायला येणारी बरीच मुलं याच पायरीवर अडकतात आणि आपलं इंग्रजीच कच्चं आहे असं धरून बसतात. माझं मत वेगळं आहे. त्यांची मराठी पक्की आहे म्हणून हे होतं. मराठीच्या जोड्या इतक्या खोल रुजलेल्या असतात की इंग्रजी बोलतानाही त्याच जोड्या वर येतात, फक्त शब्द इंग्रजी असतात.

पावसाळ्याचं उदाहरण घेऊ, कारण कोल्हापूरकराला हा विषय समजावून सांगावा लागत नाही. जुलैमध्ये पन्हाळ्यावर गेलं की धो धो पाऊस, सोसाट्याचा वारा आणि दाट धुकं, तिन्ही एकदम भेटतात. तिघांचा जोर सांगायला मराठीत तीन वेगळे शब्द आहेत आणि इंग्रजीतही तीन वेगळे आहेत. पाऊस ‘हेवी रेन’, वारा ‘स्ट्राँग विंड’, धुकं ‘थिक फॉग’ किंवा ‘डेन्स फॉग’. आता ‘मोठा पाऊस’ डोक्यात असलेला मुलगा ‘बिग रेन’ लिहितो. समजतं, पण इंग्रज असं म्हणत नाही. ‘हेवी’ म्हणजे जड हे पाठ करून पुढे जाणाऱ्याला तर प्रश्नच पडतो की पाऊस जड कसा? इंग्रजीत ट्रॅफिकही ‘हेवी’ असते, तोटाही ‘हेवी’ असतो आणि दिवसाला दोन पाकिटं ओढणारा माणूस ‘हेवी स्मोकर’ असतो, मग तो अंगाने काडीपैलवान का असेना. इथे ‘हेवी’चा वजनाशी संबंध राहिलेला नाही, प्रमाणाशी आहे.

मराठीचा गुंताही बघण्यासारखा आहे. आपल्याकडे पाऊस पडतो, ऊन पडतं, थंडी पडते, दव पडतं, अंधार पडतो, दुष्काळ पडतो. सगळीकडे ‘पडणे’, आणि सगळीकडे अर्थ ती गोष्ट आली असा. मग ‘वारा पडला’ म्हणजे काय? वारा आला नव्हे, वारा थांबला. एकच क्रियापद, पण शेजारी कोण आहे त्यावर अर्थ उलटा. परदेशातून कुणी मराठी शिकायला आला तर त्याची इथे किती दमछाक होईल याची कल्पना करा. इंग्रजी शिकताना आपली तीच अवस्था असते.

पंचगंगेचं पाणी वाढायला लागलं की गावभर राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारली जाते. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडतात, धरणातून पाणी सोडतात, नदी पात्राबाहेर पडते, बंधारे पाण्याखाली जातात, पावसाने उघडीप दिली की पूर ओसरतो. ही बातमी इंग्रजीत सांगायची झाली तर जवळपास प्रत्येक क्रियापद बदलावं लागतं. पाणी सोडलं म्हणजे ‘लेफ्ट वॉटर’ नाही, ‘रिलीज्ड वॉटर’. नदी पात्राबाहेर पडली म्हणजे ‘केम आउट’ नाही, तर ‘द रिव्हर बर्स्ट इट्स बँक्स’, काठ फोडले. पूर ओसरला म्हणजे ‘द फ्लडवॉटर रिसीडेड’. पातळी ओलांडली याला ‘क्रॉस्ड’ चालतं, तिथे दोन्ही भाषा जुळतात. अशा जुळणाऱ्या जागा बऱ्याच आहेत आणि त्याच आपल्याला फसवतात. दोन ठिकाणी शब्दशः केलेलं भाषांतर बरोबर निघालं की तिसऱ्या ठिकाणीही निघेल असं वाटतं.

‘सोडणे’ हे एकच क्रियापद घेतलं तरी किती वाटा फुटतात पाहा. नोकरी सोडली: ‘लेफ्ट द जॉब’. तंबाखू सोडली: ‘क्विट’ किंवा ‘गेव्ह अप’. उपास सोडला: ‘ब्रोक द फास्ट’. गाठ सोडली: ‘अनटाइड’. पाण्याचं वर आलंच. शब्दकोशात ‘सोडणे’समोर पहिला अर्थ ‘लीव्ह’ दिसतो आणि आपण तोच उचलतो, उपासालाही तोच लावतो.

सगळ्यात जास्त गोंधळ घालणारी जोडी म्हणजे परीक्षा. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतात. इंग्रजीत बरोबर उलट: विद्यार्थी ‘टेक्स अॅन एक्झाम’ आणि शिक्षक ‘गिव्ह्ज अॅन एक्झाम’. म्हणजे ‘आय गेव्ह अॅन एक्झाम’ असं परदेशी माणसाला सांगितलं तर तुम्ही मास्तर आहात असं तो समजू शकतो. भारतात मात्र ही जोडी सर्रास चालते आणि कुणाचाही गैरसमज होत नाही. त्याकडे पुढे येतोच.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून कास्टिंग बाहेरदेशी पाठवणाऱ्यांना रोज मेल लिहावे लागतात. तिथे ‘आम्ही ऑर्डर दिली’ याचं ‘वुई गेव्ह अॅन ऑर्डर’ झालं तर वाचणाऱ्याला हुकूम सोडल्यासारखं वाटतं. माल मागवला असेल तर ‘प्लेस्ड अॅन ऑर्डर’. मुदत पाळली तर ‘मेट द डेडलाइन’. पैसे भरले तर ‘मेड द पेमेंट’. ‘फिल’ लागतं ते फॉर्मला, पैशांना नाही. आपल्याकडे फॉर्म भरतो, फी भरतो, बाजार भरतो, शाळा भरते आणि ओटीही भरतात. या सगळ्या भरण्याला इंग्रजीत एक शब्द मिळणार नाही.

असं का होतं? एखादी जोडी का जमली याचं उत्तर बहुतेक वेळा तर्कात सापडत नाही. ‘मेक’ आणि ‘डू’ बघा. काहीतरी नवं तयार होतं तिथे ‘मेक’ आणि नुसतं काम उरकतं तिथे ‘डू’, असा ढोबळ कल आहे, आणि ‘मेक अ केक’, ‘डू द होमवर्क’ इथपर्यंत तो साथ देतो. पण ‘मेक अॅन एफर्ट’ आणि ‘डू अ फेव्हर’ का, हे त्या नियमातून ओढूनताणूनच काढावं लागतं. चूकही ‘मेक’च करतात. आंघोळ ब्रिटनमध्ये ‘हॅव अ बाथ’ आणि अमेरिकेत ‘टेक अ बाथ’. निर्णयाला अमेरिकेत ‘मेक’ लागतं, ब्रिटनमध्ये ‘मेक’ आणि ‘टेक’ दोन्ही ऐकू येतात. एकाच भाषेच्या दोन गावांत जोड्या वेगळ्या आहेत, यावरूनच कळतं की हा वहिवाटीचा मामला आहे. माणूस लहानपणापासून त्याच जोड्या हजारदा ऐकतो आणि डोक्यात त्या एक-एक शब्द म्हणून राहत नाहीत, अख्ख्या साठवल्या जातात. बोलताना तो शब्द निवडत बसत नाही, तयार तुकडा उचलतो.

या विषयाचा इतिहास मला फार जवळचा वाटतो, कारण त्याचा बराचसा भाग आशियात घडला आहे. हॅरल्ड पामर हे इंग्रज शिक्षक टोकियोत जपानी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीवर काम करत होते, आणि 1933 साली त्यांनी इंग्रजी शब्दजोड्यांचा मोठा अहवाल तिथूनच प्रसिद्ध केला. जे. आर. फर्थ 1920च्या दशकात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे लंडनला जाऊन त्यांनी ‘कोलोकेशन’ ही संज्ञा भाषाशास्त्रात रुजवली. शब्द ओळखायचा तर त्याची संगत बघा, हा त्यांचा 1957 सालचा विचार आजही प्रमाण मानला जातो. त्यांचे शिष्य मायकेल हॅलिडे यांनी चहाचं उदाहरण घेतलं: ‘स्ट्राँग’ आणि ‘पॉवरफुल’ यांचा अर्थ जवळजवळ एक, युक्तिवादाला दोन्ही चालतात, पण चहा ‘स्ट्राँग’च असतो आणि मोटारगाडी ‘पॉवरफुल’. आपल्याला हे पटकन पटतं, कारण आपला चहा कडक असतो, बळकट नसतो.

आणि मग कोल्हापूर. ही गोष्ट आपल्या गावात फार कमी जणांना माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात 1961 साली छापून आलेल्या अमेरिकन इंग्रजीचे 500 नमुने, प्रत्येकी सुमारे 2000 शब्दांचे, संगणकात भरले गेले. बातम्या, अग्रलेख, सरकारी कागद, शास्त्रीय लेखन, कथा-कादंबऱ्या असं सगळं मिळून सुमारे 10 लाख शब्द. अशा संग्रहाला ‘कॉर्पस’ म्हणतात. त्याच साच्यावर ब्रिटिश इंग्रजीचा संग्रह झाला. आणि भारतीय इंग्रजीचा संग्रह झाला तो इथे, शिवाजी विद्यापीठात. प्रा. एस. व्ही. शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली छापलेलं भारतीय इंग्रजी निवडलं, म्हणजे स्वातंत्र्याला तीस वर्षं उलटून गेल्यावरचं. तेच 500 नमुने, तेच 10 लाख शब्द, आणि 1986 साली काम पुरं. जगभरच्या भाषाशास्त्राच्या लिखाणात तो ‘कोल्हापूर कॉर्पस’ याच नावाने ओळखला जातो. कुस्ती, गूळ आणि चप्पल यांच्यासाठी आपलं नाव घेतलं जातं याचा अभिमान आहेच. पण नॉर्वे-इंग्लंडमधल्या भाषेच्या अभ्यासकाला कोल्हापूर हे नाव या संग्रहामुळे माहीत असतं, याचाही तितकाच अभिमान वाटायला हवा.

असा संग्रह हाताशी असला की जोडी खरी की योगायोगाची, हे मोजता येतं. हिशेब अवघड नाही. समजा, 10 लाख शब्दांत एक शब्द 1000 वेळा आला आणि दुसरा 100 वेळा. दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसेल तर दुसरा शब्द पहिल्याला लगेच चिकटून येण्याची अपेक्षा किती? 1000 गुणिले 100 भागिले 10 लाख, म्हणजे 0.1. दहा संग्रह चाळले तर जेमतेम एकदा. आणि प्रत्यक्षात ते एकाच संग्रहात 20 वेळा शेजारी सापडले तर? अपेक्षेच्या 200 पट. तो योगायोग नाही. प्रत्यक्षातली सूत्रं याहून बारीक असतात आणि अगदी शेजारचाच नव्हे, अलीकडचे-पलीकडचे चार-पाच शब्दही बघितले जातात, पण गाभा हाच. अडचण एकच: 10 लाख शब्दांत नेहमीच्या जोड्या दिसतात, जरा कमी वापरातल्या एखाद-दुसऱ्यांदाच येतात किंवा येतच नाहीत. म्हणून पुढचे संग्रह वाढत गेले. 1990च्या दशकातला ब्रिटिश राष्ट्रीय कॉर्पस 10 कोटी शब्दांचा आहे. मोबाइलच्या कीबोर्डवर ‘हेवी’ टाइप केलं की पुढे ‘रेन’ सुचतं, त्यामागेही याच जातीची मोजदाद आहे.

मोजणीतून एक नाजूक गोष्ट बाहेर आली, जी नुसत्या कानाने पकडणं अवघड होतं. काही शब्द चांगल्या संगतीत वावरतात, काही वाईट. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांनी ‘सेट इन’ (सुरू होऊन ठाण मांडणे) या साध्या क्रियापदाचे नमुने तपासले तर त्याच्या शेजारी बहुतेक सगळं अप्रियच निघालं: सड, निराशा, भ्रमनिरास. मराठीत ‘बोकाळणे’ आठवा. भ्रष्टाचार बोकाळतो, अंधश्रद्धा बोकाळते. ‘तालुक्यात शिक्षण बोकाळलं’ असं कुणी लिहिलं तर शिक्षणावर त्याचा राग आहे असंच आपण समजू. इंग्रजीतलं ‘कॉज’ तसंच आहे. शब्दकोशात अर्थ नुसता ‘घडवून आणणे’, पण त्याच्या संगतीला नुकसान, उशीर, अपघात, त्रास. त्यामुळे ‘हार्ड वर्क कॉज्ड माय सक्सेस’ हे वाक्य यशालाच गालबोट लावतं. तिथे ‘लेड टू’ हवं. ‘कमिट’चंही बघा: खून, चोरी, गुन्हा हे सगळे त्याचे सोबती. आत्महत्येलाही तेच क्रियापद लागत आलं आणि त्यातून गेलेल्या माणसावर गुन्हेगारीची छाया पडत राहिली. म्हणून इंग्रजीत आता ‘डाइड बाय सुइसाइड’ लिहिण्याचा आग्रह धरला जातो. घरात असं दुःख घडलेल्यांना हा फरक किती मोठा आहे हे विचारा. जोडी बदलली की दृष्टी बदलते.

आता भारतीय जोड्यांचं. ‘डू द नीडफुल’ (योग्य ते करा), ‘पास्ड आउट ऑफ कॉलेज’ (कॉलेज पूर्ण केलं), ‘गेव्ह अॅन एक्झाम’, ‘कझिन ब्रदर’. या चुका आहेत का? मी सरसकट चूक म्हणणार नाही. ‘डू द नीडफुल’ तर इंग्रजांच्याच जुन्या कचेरीतून आलेलं आहे. त्यांनी टाकलं, आपण जपलं. चुलतभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ असा बारकाईने विचार करणाऱ्या समाजाला नुसतं ‘कझिन’ अपुरं वाटणारच. लाखो लोक वर्षानुवर्षं एखादी जोडी वापरतात आणि एकमेकांना ती समजते, तेव्हा ती त्या प्रदेशातली चालू जोडी असते. भारतीय इंग्रजीचा वेगळा संग्रह करण्यामागे हाच विश्वास होता. मात्र कोण वाचणार आहे याचं भान हवं. ‘पास्ड आउट’ म्हणजे ब्रिटनमध्ये शुद्ध हरपली. ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘रिटर्न बॅक’ मात्र मी मुलांना खोडायलाच लावतो, कारण ‘डिस्कस’मध्ये ‘बद्दल’ आणि ‘रिटर्न’मध्ये ‘परत’ आधीच आहे.

शिकायचं कसं? नामापासून सुरुवात करा. ‘लक्ष’साठी ‘अटेंशन’ हा शब्द मिळाला की तिथे थांबू नका, त्याच्याआधी कोणतं क्रियापद येतं ते शोधा. लक्ष देणे म्हणजे ‘पे अटेंशन’, लक्ष वेधणे म्हणजे ‘ड्रॉ’ किंवा ‘अट्रॅक्ट अटेंशन’, आणि लक्ष ठेवणे म्हटलं की ‘अटेंशन’ गळूनच जातं, ‘कीप अॅन आय ऑन’ येतं. वहीत एकटा शब्द लिहू नका, अख्खी जोडी लिहा, ‘ऑन’, ‘इन’, ‘विथ’ अशा चिल्लर शब्दांसकट. नुसत्या शब्दजोड्यांचे वेगळे इंग्रजी शब्दकोशही मिळतात. त्यात ‘रेन’ काढलं की त्याची सगळी विशेषणं आणि क्रियापदं एका जागी सापडतात. शंका आली तर गूगलचं एनग्रॅम व्ह्यूअर फुकट आहे. दोन जोड्या स्वल्पविराम देऊन टाकायच्या, छापील पुस्तकांत कोणती किती चालली याचा आलेख समोर येतो. ब्रिटिश आणि अमेरिकन वेगवेगळं बघता येतं. नुसत्या गूगल सर्चच्या आकड्यावर मात्र विसंबू नका, तो फार ढोबळ असतो.

नोकरीच्या अर्जात हमखास दिसणारी वाक्यं घ्या: ‘आय पास्ड आउट इन 2022. आय गेव्ह माय फायनल एक्झाम अँड गॉट गुड मार्क्स. आय डिड मेनी एफर्ट्स टू लर्न सीएनसी प्रोग्रॅमिंग. प्लीज गिव्ह मी अ चान्स.’ यातलं व्याकरण ठीक आहे. तिसऱ्या वाक्यात ‘डिड मेनी एफर्ट्स’च्या जागी ‘मेड अ रिअल एफर्ट’ हवं, हे अर्ज कुठेही जाणार असला तरी. चौथं वाक्य आहे तसं राहू दे, संधी दोन्ही भाषांत देतातच. पहिली दोन वाक्यं शिरोलीच्या कंपनीला चालतील, तिथल्या साहेबानेही तीच वाक्यं लिहून नोकरी मिळवलेली असेल. अर्ज बर्मिंगहॅमला जाणार असेल तर ‘आय ग्रॅज्युएटेड इन 2022’ आणि ‘आय टुक माय फायनल एक्झाम’.